जुना ऑसिलोस्कोप पुन्हा उभा करताना: सीमाभागातल्या दमट हवेतली दुरुस्ती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुने ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारे स्कोप, बरेच आहेत. पॉलिटेक्निकच्या लॅबमधून लिलावात निघालेले, उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपच्या माळ्यावर पडलेले, नाहीतर टीव्ही मेकॅनिकनं धंदा बंद करताना बाजूला ठेवलेले. सगळ्यात जास्त सापडतो तो इंदूरच्या सायंटिफिक कंपनीचा एचएम २०३. जर्मनीच्या हॅमेगच्या डिझाइनवर बनलेला, २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा. त्याखालोखाल ठाण्याच्या अ‍ॅपलॅबचे आणि फिलिप्सचे. टेक्ट्रॉनिक्सचा ४६५ क्वचित दिसतो. १९७२ मध्ये बाजारात आलेला हा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप मिळाला तर सोडू नका.

पाच-सात हजारांत नवा डिजिटल मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. अ‍ॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर, यूपीएस, सीएनसीचे सेन्सर, गाडीचं इग्निशन या कामांना २० मेगाहर्ट्झ भरपूर झाले. अ‍ॅनालॉग पडद्यावर नॉइज जशी आहे तशी दिसते, हा वर फायदा. आणि या मशिनांचा प्रत्येक पार्ट हातानं बदलता येतो. नव्या डिजिटलचा मुख्य चिप गेला की तो भंगारात.

या भागात आलेल्या बंद स्कोपांबद्दल माझं मत ठाम आहे: निम्म्याहून जास्त वेळा दोष सप्लायमध्ये किंवा ओलाव्यात असतो. म्हणून आधी कोरडं करायचं, मग सप्लाय मोजायचा, बाकी सगळं त्यानंतर. हा क्रम मोडून थेट ट्रान्झिस्टर बदलायला बसणारे लोक चांगला स्कोप कायमचा बिघडवतात.

उघडण्याआधी

स्कोपच्या आत दोन ठिकाणी जीव जाऊ शकतो. एक म्हणजे मेन्सची बाजू, दुसरी पिक्चर ट्यूबची. एचएम २०३ मध्ये ट्यूबला सुमारे २००० व्होल्ट असतात, ४६५ मध्ये मल्टिप्लायरनंतर एकूण १५ हजारांच्या वर. स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. पिन काढा, दहा मिनिटं थांबा. मग चांगल्या इन्सुलेशनच्या दांडीला बांधलेला एक मेगाओहमचा हाय-व्होल्टेज रेझिस्टर चासीला जोडून प्रत्येक संशयित जागेला टेकवा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची सवय टीव्हीवाल्यांकडून आलेली आहे, ती इथं नको. त्या झटक्यात जवळचे सेमीकंडक्टर जातात. चालू मशिनमध्ये मोजताना डावा हात खिशात, पायाखाली रबर मॅट, आणि घरात दुसरं कुणीतरी असू द्या.

अर्थिंगबद्दल इकडं फार ढिलाई आहे. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थची तारच नसते. मल्टिमीटरनं फेज ते अर्थ मोजा, ते फेज ते न्यूट्रलइतकंच आलं पाहिजे. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. आणि स्कोपची अर्थ पिन कधीही तोडू नका. एसएमपीएसच्या (स्विचिंग सप्लायच्या) प्रायमरीवर काम करायचं म्हणून पिन तोडलेले स्कोप मी पाहिलेत. त्यांची बॉडीच जिवंत असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा तो दुरुस्तीच्या वस्तूला, स्कोपला नव्हे.

कोरडं करणं आणि झाडणं

कणकुंबी-खानापूरकडचा पाऊस आणि बेळगावची जून ते सप्टेंबरची हवा माहीत असेल तर हे सांगायला नको: इथं महिनोन्‌महिने पडून असलेला स्कोप आतून ओला असतो, बाहेरून कितीही कोरडा दिसो. धुळीवर ओल बसली की हाय-व्होल्टेज सेक्शनमध्ये लीकेज सुरू होतं. मग फोकस हलतो, ट्रेस (पडद्यावरची रेघ) नाचतो, कधी आतून 'चिर्र' असा आवाज येतो.

कव्हर काढून मऊ ब्रश आणि ब्लोअरनं धूळ काढा. कंप्रेसरची हवा वापरायची असेल तर आधी त्याच्या टाकीतलं पाणी काढून टाका, नाहीतर धुळीचा चिखल कराल. निपाणीकडचं मशिन असेल तर तंबाखूची बारीक पूड ब्रशनं निघत नाही. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसावी लागते. हे अल्कोहोल लॅब केमिकलवाल्याकडून ९९ टक्के शुद्धतेचं घ्या. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि बाकीची मिसळ असते.

टेक्ट्रॉनिक्सच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फार मळलेले स्कोप सौम्य साबणाच्या पाण्यानं धुऊन ओव्हनमध्ये वाळवत असत. ते खरं आहे, पण आपल्याकडं हा प्रयोग एप्रिलच्या उन्हाशिवाय करू नका, आणि ट्रान्सफॉर्मरला पाणी लागू देऊ नका. पावसाळ्यात साधा उपाय बरा: कव्हर उघडं ठेवून स्कोप लाकडी कपाटात ठेवा, खाली ४० वॅटचा पिवळा (फिलामेंटचा) बल्ब थोडा दूर लावा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. हात लावला तर चासी कोमट लागली पाहिजे, गरम नाही.

उद्यमबागेत मोटर रिवाइंडिंगवाले ओळखीचे असतील तर ते लगेच म्हणतील, "आणा की ओ सर, मेगर मारून बघू." मेगर म्हणजे मोठं व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचा मीटर; तो पूर्ण स्कोपला लावू देऊ नका. ५०० व्होल्टनं आतले सेमीकंडक्टर आडवे होतील. फक्त ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या तारा सोडवून, प्रायमरी आणि कोअरच्या मध्ये लावायचा असेल तर हरकत नाही. त्यांच्याकडून मागण्यासारखी वस्तू दुसरीच आहे: डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर.

पहिल्यांदा करंट देताना

मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. बऱ्याच जुन्या मशिनांवर ११०, १२५, २२० आणि २४० अशा खुणा असतात. आपल्या घरात रात्री २४० च्या आसपास जात असेल तर २४० वर ठेवा. फ्यूज काढून त्यावरचा आकडा मॅन्युअलशी जुळवा. तिथं तांब्याची तार गुंडाळलेली सापडली तर आधीच्या मेकॅनिकनं दोष शोधायचं सोडून दिलं होतं, एवढं नक्की.

मग सिरीज बोर्ड, म्हणजे मेन्स आणि स्कोपच्या मध्ये बल्ब जोडलेला बोर्ड. एचएम २०३ चाळीसएक वॅट घेतो, त्याला १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये पुरतो. ४६५ ला २०० वॅटचा लावा. चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. डिमरस्टॅट असेल तर ६०-७० व्होल्टपासून हळूहळू वर न्या, दर टप्प्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर्षानुवर्षं पडून असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो. हे फक्त साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायसाठी. स्विचिंग सप्लायचे स्कोप, टेक्ट्रॉनिक्सचे २२०० मालिकेतले बरेचसे, कमी व्होल्टेजवर टिकटिक करत बसतात. त्यात दोष नसतानाही दोष दिसतो. आणि डिमरस्टॅट आयसोलेशन देत नाही, हे विसरू नका.

मेन्सच्या तोंडाशी पारदर्शक पिवळट खोळीचा, बारीक तडे गेलेला कंडेन्सर दिसला तर चालू करायच्या आधीच बदला. तो आतून कागदाचा असतो, तड्यातून ओल पितो आणि एके दिवशी खोलीभर धूर करतो. जागी एक्स-२ प्रकारचा, २७५ व्होल्ट एसीचाच बसवा; साधा ४०० व्होल्ट डीसीचा चालत नाही.

सप्लायच्या रेल

आता खरं काम. रेल म्हणजे सप्लायमधून निघणारं एकेक ठरावीक व्होल्टेज. मॅन्युअल किंवा सर्किट डायग्राम मिळवा. बहुतेक प्रसिद्ध मॉडेलचे इंटरनेटवर फुकट मिळतात. ४६५ च्या रेल +११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट अशा आहेत. आपल्या मॉडेलच्या रेल कागदावर लिहा, समोर मोजलेला आकडा लिहा, आणि त्यापुढं मीटर एसीवर ठेवून दिसलेला रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर. एक रेल दुसरीवर अवलंबून असते, म्हणून एक खाली आली की बाकीच्याही ओढल्या जातात. डायग्राममध्ये जी रेफरन्स देते ती आधी.

रिपल स्वतःच पुष्कळ सांगतो. दुसरा चालू स्कोप मिळाला तर बघा: लहर दर १० मिलिसेकंदाला येत असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टर कंडेन्सर सुकलाय. २० मिलिसेकंदाला येत असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा आहे. आणि सप्लाय स्वच्छ असूनही ट्रेस ५० हर्ट्झनं डुलत असेल तर स्कोप टेबलावरून उचलून दुसरीकडं ठेवा. शेजारी मोठा ट्रान्सफॉर्मर किंवा भिंतीपलीकडं फाउंड्रीची इंडक्शन फर्नेस असेल तर ट्यूबला ते चुंबकीय क्षेत्र जाणवतं, आणि त्यासाठी एकही पार्ट बदलायची गरज नसते.

सगळे इलेक्ट्रोलिटिक सरसकट बदलायची फॅशन आली आहे. माझ्या मते ती चुकीची. चाळीस वर्षांपूर्वीचे चांगल्या कंपनीचे मोठे कंडेन्सर आजही ठणठणीत सापडतात, आणि बाजारात सहज मिळणारा स्वस्त माल त्याहून आधी जातो. कंडेन्सरचा आतला रेझिस्टन्स मोजणाऱ्या ईएसआर मीटरनं तपासा. जो वाईट तोच काढा. रेटिंग १०५ डिग्रीचं घ्या. व्होल्टेज जुन्याइतकं किंवा थोडं जास्त चालेल. बेळगावात किरकोळ माल मिळतो, पण नेमकं काही हवं असेल तर पुण्याची तापकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळुरूचा एसपी रोड. यादी करून एकदाच मागवा, कुरियरचा खर्च वाचतो.

४६५ सारख्या मशिनांत एक खास रोग आहे: टँटॅलमचे थेंबासारखे छोटे कंडेन्सर शॉर्ट होतात आणि पूर्ण रेल जमिनीवर आणतात. एका रेलवर असे डझनभर असतात, कुठला गेलाय हे नजरेला दिसत नाही. एकेक सोडवत बसू नका. स्कोप मेन्सवरून काढा. बेंच सप्लाय ०.५ व्होल्टवर आणि करंट लिमिट एक अँपियरवर ठेवून त्या रेलला जोडा. एवढ्या कमी व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत, त्यामुळं करंट जवळपास सगळा शॉर्टमधूनच जातो. मीटर मिलिव्होल्टवर घेऊन दोन्ही प्रोब प्रत्येक टँटॅलमच्या दोन पायांवर थेट टेकवत चला. सप्लाय जोडलेल्या जागेपासून शॉर्टकडं जाताना आकडा उतरत जातो: ४०, ३१, १८... ज्याच्या पायांवर सगळ्यात कमी तोच गुन्हेगार. दुसऱ्या फांदीवर गेलात की आकडा बदलायचा थांबतो, म्हणजे वाट चुकली, मागं या. नवा बसवताना १५ व्होल्टच्या रेलला २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्या. प्लसची खूण दोनदा बघा. टँटॅलम उलटा लागला तर फुटतो.

रेल बरोबर, तरी पडदा काळा

आधी नॉब. इंटेन्सिटी निम्म्यावर, ट्रिगर ऑटोवर, दोन्ही इनपुट ग्राउंडवर, पोझिशन मधोमध, एक्स-वाय बटण बाहेर. बीम फाइंड (पडद्याबाहेर गेलेला बीम, म्हणजे ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत शोधायचं) बटण असेल तर दाबा. अनेक 'बंद' स्कोप इथंच चालू होतात आणि विकणाऱ्याला ते कळलेलं नसतं. फक्त ठिपका दिसत असेल तर इंटेन्सिटी ताबडतोब कमी करा. स्वीप, म्हणजे बीमचं डावीकडून उजवीकडं सरकणं, चालत नाहीये, आणि एका जागी थांबलेला ठिपका फॉस्फर जाळतो. तो डाग कायमचा.

काहीच नाही? मग ट्यूबच्या डिफ्लेक्शन (बीम वळवणाऱ्या) प्लेटचे व्होल्टेज मोजा. दोन उभ्या प्लेट, दोन आडव्या. आकडा मॉडेलप्रमाणं वेगळा असतो, पण जोडीतल्या दोघींचा जवळपास सारखा हवा. एक प्लेट सप्लायला चिकटली आणि दुसरी तळाला गेली असेल तर बीम पडद्याबाहेर आहे, ट्यूब ठीक आहे. दोष त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये.

तो शोधायची जुनी युक्ती अजून उत्तम चालते. स्कोपचा अ‍ॅम्प्लिफायर दोन सारख्या बाजूंचा असतो, एक प्लस आणि एक मायनस. शेवटच्या स्टेजच्या इनपुटला दोन्ही बाजूंचे बेस छोट्या तारेनं एकमेकांना जोडा. बीम मधोमध आला तर तिथून पुढं सगळं नीट आहे. तार काढून एक स्टेज मागं या, पुन्हा जोडा. ज्या जागी जोडून बीम मध्ये येत नाही, दोष त्या जागेच्या आणि आधी तपासलेल्या जागेच्या मध्ये. चुकून चासीला लावू नका, आणि हे फक्त लो-व्होल्टेज स्टेजमध्ये करा.

एकच चॅनेल बिघडला असेल तर तुमच्याकडं मॅन्युअलपेक्षाही चांगली वस्तू आहे: शेजारचा चालू चॅनेल. दोन्हींची रचना सारखीच. मीटरचा काळा प्रोब चासीवर ठेवून चांगल्या चॅनेलचे आकडे लिहा, बिघडलेल्याचे त्याच जागी लिहा. जिथं पहिला फरक येतो तिथं थांबा. टेक्ट्रॉनिक्समध्ये ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये असतात, त्यांच्या पायांवर आपल्या हवेत काळपट थर चढतो. काढून, अल्कोहोलनं पुसून पुन्हा बसवले की कित्येकदा दोष जातो. सायंटिफिकच्या बोर्डांवर ड्राय सोल्डर बघा, विशेषतः बटणांच्या आणि बीएनसीच्या (इनपुट सॉकेटच्या) पायांशी. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं ओढाताण केलेली असते.

प्लेट जुळतायत आणि बीम नाही, तर हाय-व्होल्टेज. ट्यूबच्या मानेतून मागं नारंगी हीटर दिसतो का बघा. इथं साधा मल्टिमीटर लावू नका. त्याची मर्यादा बहुतेक १००० व्होल्ट असते, आणि हीटरचे ६.३ व्होल्टसुद्धा उणे दोन हजारांवर तरंगत असतात. जुन्या टीव्ही मेकॅनिककडं ईएचटी प्रोब (हजारो व्होल्ट मोजायचा) पडून असतो, तो मागून आणा. हाय-व्होल्टेज आहे पण फोकस एका टोकालाही जमत नाही, तर फोकसच्या साखळीतले मेगाओहमचे रेझिस्टर काढून मोजा. ओलीत जुने कार्बनचे रेझिस्टर वर सरकतात. तिथं हाय-व्होल्टेज रेटिंगचेच बसवा. साधा पाव वॅटचा रेझिस्टर काही महिन्यांत जातो.

खरखरणारे नॉब आणि रेंज स्विच

पोझिशनचा नॉब फिरवताना ट्रेस उडी मारतो, रेंज बदलली की ट्रेस गायब होतो: संपर्क मळलेत. स्विच बंद ठेवून प्रत्येक नॉब चाळीस-पन्नास वेळा इकडून तिकडं फिरवा; निम्मं काम यातच होतं. ४६५ च्या कॅम स्विचच्या पात्या सोन्याचा मुलामा दिलेल्या आणि नाजूक असतात. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून पातीखाली सरकवा, पाती हलकेच बंद होऊ द्या, पट्टी ओढून घ्या. पॉलिश पेपर, खोडरबर, गंज काढायचा तेलकट स्प्रे, यातलं काहीही नको. स्प्रेचं तेल धूळ धरतं आणि पुढच्या पावसाळ्यात लीकेज देतं.

व्हॉल्व्हचा जुना टेक्ट्रॉनिक्स कुणाला मिळालाच तर एक सांगून ठेवतो. त्यातले पार्ट सिरॅमिकच्या खाचांत डाग देऊन बसवलेले असतात आणि त्या खाचांना सुमारे तीन टक्के चांदीचं सोल्डर लागतं. साध्या सोल्डरनं वारंवार डाग दिले तर खाचेतला चांदीचा थर सुटतो. कंपनीनं मशिनच्या आतच अशा सोल्डरचं छोटं रीळ ठेवलेलं असे. कधीकधी ते अजून तिथंच असतं.

घरच्या घरी कॅलिब्रेशन

अर्धा तास तापू द्या. क्रम: सप्लाय, मग डीसी बॅलन्स, मग उंची, मग वेळ. रेल बरोबर नसताना दुसरा कुठलाही प्रीसेट (आतला जुळवणीचा छोटा नॉब) हलवू नका, आणि हलवण्याआधी प्रत्येकाची मूळ जागा मार्करनं खूण करून ठेवा.

उंचीसाठी नवी ९ व्होल्टची बॅटरी चांगल्या मीटरनं मोजा आणि २ व्होल्ट प्रति डिव्हिजनवर लावा: ९.३ व्होल्ट असेल तर ट्रेस ४.६५ घरं चढला पाहिजे. अशा स्कोपची अचूकता ३ टक्क्यांच्या आसपास असते, त्याहून जास्त ओढू नका. हळू स्वीपसाठी आपली वीज पुरते. भारताच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असते, म्हणजे चूक फार तर ०.२ टक्के. ६ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी लावा, मेन्स थेट कधीच नाही; ५ मिलिसेकंदवर एक लहर बरोबर ४ घरं घेईल. जलद स्वीपसाठी जुन्या कॉम्प्युटर बोर्डावरचा चौकोनी पत्र्याचा क्रिस्टल ऑसिलेटर काढा. १६ मेगाहर्ट्झचा असेल तर ०.१ मायक्रोसेकंदवर १० घरांत १६ लहरी येतात. आर्डुइनो उनोमधून १ मेगाहर्ट्झ काढलात तरी चालेल. त्याच्या मुख्य चिपला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो, पण स्कोपच्या ३ टक्क्यांपुढं तो पुरेसा नेमका आहे.

प्रोबचा ट्रिमर स्कोपच्या स्वतःच्या चौकोनी लहरीवर कोपरे सपाट होईपर्यंत फिरवा. प्रोब दुसऱ्या चॅनेलला लावला की पुन्हा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, म्हणजे आतली ओल निघते. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, त्यात ओल कोंडते. सुती कापड बरं. वीज कडाडायला लागली की पिन काढा. गावाकडं सिंगल फेजवर व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, तेव्हा रेग्युलेटर सुटतात आणि ट्रेस आकसतो. तो स्कोपचा दोष समजून प्रीसेट फिरवू नका, आधी सॉकेट मोजा. फॅन असेल तर बेअरिंगला वर्षातून एकदा थेंबभर मशिन ऑइल.

एका गोष्टीवर इलाज नाही: थकलेली ट्यूब. हीटर नीट, हाय-व्होल्टेज नीट, तरी इंटेन्सिटी पूर्ण वर नेऊन ट्रेस फिकाच आणि जाडा, तर कॅथोड संपला. फक्त नवीन ट्यूबसाठी पैसे घालू नका. तेच मॉडेल दुसरं बिघडलेलं शोधा, दोघांतून एक करा आणि उरलेल्याचे नॉब, ट्रान्सफॉर्मर आणि रेंज स्विच डब्यात नाव लिहून ठेवा. पुढच्या एचएम २०३ ला तेच लागणार आहेत.